आणि इतर

म्हाडाची जाहिरात आली की शहाणी माणसं आधी किंमत बघतात, मग चौरस फूट, मग स्टेशन किती लांब ते. मी पत्ता वाचते. मोठ्यानं. ‘दादर पश्चिम’ एवढं नुसतं म्हणून बघितलं तरी माझा आवाज एक पट्टी खाली येतो आणि पाठ ताठ होते. ‘भांडुप पश्चिम’ म्हणताना असलं काही होत नाही, आणि आम्ही राहतो तिथंच, अकरा-अकरा महिन्यांच्या करारावर.

नवऱ्याची तऱ्हा वेगळी. त्याच्याकडे एक्सेल शीट आहे. मुंबई मंडळाची सोडत २०१९ नंतर निघाली ती थेट २०२३ मध्ये. मधली चार वर्षं त्याची शीट उपाशी होती. मग एकदम ४,०८२ घरं आली आणि त्याच्या चेहऱ्यावर लग्नातसुद्धा न दिसलेलं तेज आलं. एकट्या गोरेगावच्या पहाडी भागात अत्यल्प गटाची १,९४७ घरं, आमच्या अल्प गटाचीही तिथं शेकड्यांनी. दादर-माहीमकडे म्हणाल तर दोन-चार. जिथं घरं जास्त तिथं अर्ज भरावा हे बालवाडीतल्या पोरालाही कळेल. नवरा म्हणाला, “गोरेगाव.” मी म्हटलं, “गोरेगाव छानच आहे. आपण जात जाऊ ना तिकडे कुणाकुणाला भेटायला.”

आमचा गट अल्प, हे मी वर पटकन लिहून टाकलं. प्रत्यक्षात ते मला एवढं सहज म्हणता येत नाही. तेव्हाच्या नियमानं कुटुंबाची वर्षाची कमाई सहा लाखांपर्यंत असेल तर अत्यल्प, नवापर्यंत अल्प, बारापर्यंत मध्यम आणि त्यापुढं उच्च. आम्ही दोघं मिळून नवाच्या अगदी काठावर, अलीकडच्या बाजूला. आता मॅट्रिकला मराठीत शाळेत पहिली आलेल्या बाईला कुणी तोंडावर ‘अल्प’ म्हटलं तर काय वाटेल? शेजारच्या वहिनींनी गट विचारला तेव्हा मी “मध्यमच म्हणायचं” असं सांगून मोकळी झाले. म्हणायला कुठं अनामत रक्कम भरावी लागते!

पण गंमत अशी, की वरच्या गटात मिरवायची हौस असली तरी खरोखर जायची भीती. खालच्या गटातल्याला वरच्या गटातल्या घरासाठी अर्ज करता येतो, वरच्याला खाली उतरता येत नाही. त्या वर्षी नवऱ्याच्या ऑफिसात पगारवाढीची कुजबुज सुरू झाली आणि माझ्या पोटात गोळा आला. चार हजार वाढले की आम्ही मध्यम, की स्वस्त घरं संपली. नवऱ्याची पगारवाढ लांबावी म्हणून सोमवार करणारी बायको कुठल्याही व्रतकथेत सापडणार नाही. मी केले. देव पावला. पगारवाढ झाली नाही, आणि नवरा अजून समजतो की साहेबांचा त्याच्यावर राग आहे.

राग मात्र मला त्या आकड्यांचा येतो. पहाडीच्या अत्यल्प गटातल्या घराची किंमत होती ३० लाख ४४ हजार. घर सव्वातीनशे चौरस फुटांच्या आतबाहेर. वर्षाला सहा लाख म्हणजे महिना पन्नास हजार, आणि ही त्या गटाची वरची हद्द झाली. महिना पंचवीस हजारांत घर चालवणारी बाईही त्याच गटात बसते. तिला तीस लाख कोण देणार? बँक तिला खुर्चीसुद्धा देत नाही. आणि ह्याच सोडतीत ताडदेवला ७ कोटी ५७ लाखांची घरं होती. तीही म्हाडाचीच. त्यांतलं एक एका आमदारांना लागलं आणि पुढं त्यांनी ते परत केलं. परवडणारी घरं म्हणतात ती कुणाला परवडणारी, हे जाहिरातीत बारीक अक्षरांतही छापलेलं नसतं.

असो. मी आरक्षणाच्या तक्त्याकडे वळते, कारण माझ्या आयुष्यातलं एक मोठं स्वप्न त्या तक्त्यात आहे.

तो तक्ता बहुतेक जण आपल्यापुरता वाचून सोडून देतात. मी कादंबरीसारखा वाचला. पत्रकारांना अडीच टक्के. आजी-माजी खासदार-आमदारांना दोन टक्के. बिचाऱ्यांना कुठं राहावं हा प्रश्नच असतो. आणि मग त्या ओळीवर माझी नजर खिळली : कलाकार, दोन टक्के.

मी राज्य नाट्य स्पर्धेत काम केलेलं आहे. ओळख झाल्यावर पहिल्या दहा मिनिटांत मी हे सांगते, त्यामुळे तुम्हाला सांगायला इतका उशीर झाला याचं माझं मलाच नवल वाटतंय. नाटक ऐतिहासिक. भूमिका दासीची. तिला एक वाक्य होतं, “महाराणीसाहेब, खलिता आलाय.” तालमीत दिग्दर्शक म्हणाला, वाक्यानं प्रसंगाची गती जाते, तू नुसतं तबक पुढं कर. मी ते आव्हान म्हणून स्वीकारलं. प्रयोगात मी तबक अशा काही नजरेनं पुढं केलं, की महाराणी स्वतःचं वाक्य विसरली. ती अजून माझ्याशी बोलत नाही. दुसऱ्या दिवशी पेपरात परीक्षण आलं. महाराणीला एक ओळ, सेनापतीला दोन, नेपथ्याला तीन. आणि शेवटी : ‘इतर कलाकारांची साथ योग्य.’

त्या कात्रणाला मी लॅमिनेशन करून घेतलंय.

म्हणजे वर्तमानपत्रानं मला कलाकार म्हटलेलं आहे. छापील. साथ योग्य होती असंही म्हटलेलं आहे. याउप्पर सरकारला आणखी काय पाहिजे? शिवाय भूगोलही माझ्या बाजूनं होता. म्हाडाचं गृहनिर्माण भवन वांद्रे पूर्वेला कलानगरात. कलानगर ही मुळात कलावंतांची वसाहत, आणि तिथून हाकेच्या अंतरावर साहित्य सहवास, म्हणजे लेखकांची. इकडे चित्रकार, तिकडे लेखक, आणि अध्येमध्ये घरं वाटणारं ऑफिस. हा नुसता योगायोग असेल असं मला वाटेना. त्या साहित्य सहवासात एक कवी-प्राध्यापक राहायचे. त्यांच्या घरी सचिन तेंडुलकर वाढला. मराठी लेखकाला वेळेवर घर मिळालं तर देशाला काय मिळतं, याचा पुरावा म्हणून आंतरराष्ट्रीय सामन्यांतली शंभर शतकं पुरेशी आहेत. हा मुद्दा मी अर्जासोबत वेगळ्या कागदावर मांडणार होते. नवऱ्यानं विचारलं, “वेगळा कागद अपलोड कुठं करणार?” नवऱ्यांना कलेतलं काही कळत नाही.

तर कलाकार असल्याचा सरकारी दाखला लागतो. त्याची चौकशी करायला मी एका कचेरीत गेले. कुठल्या ते सांगत नाही, कारण तिथला माणूस फार सभ्य होता आणि पुढं जे घडलं त्यात त्याची काही चूक नाही. त्यानं कात्रण दोन्ही बाजूंनी वाचलं. मागच्या बाजूला टायरची जाहिरात होती, तीही वाचली. मग म्हणाला, “ताई, ह्या ‘इतर’मध्ये तुम्ही होतात हे कशावरून?”

हा प्रश्न येणार हे मला ठाऊक होतं. मी फोटो काढला. फोटोत महाराणी आहे, सिंहासन आहे, आणि डाव्या कडेनं एक तबक आत आलंय. तबकाखाली हात. “हा हात माझा,” मी म्हणाले. पुरावा म्हणून तीच बांगडी घालून गेले होते. त्यानं फोटो बघितला, माझा हात बघितला, पुन्हा फोटो बघितला. “जुळतोय,” तो म्हणाला. माझे डोळे भरून आले; इतक्या वर्षांत त्या भूमिकेकडे इतक्या बारकाईनं कुणी पाहिलं नव्हतं. “पण नुसत्या हातावर नाही देता येत दाखला. हल्ली काय करता तुम्ही?”

“लिहिते.”

“काय?”

“दिवाळी अंकांत. विनोदी.”

“मानधन किती मिळतं?”

“अंक पाठवतात.”

त्यानं चष्मा काढला. इकडंतिकडं बघून अगदी खालच्या आवाजात, घरच्या माणसाला सांगावं तसं सांगितलं, “मग तुम्ही अत्यल्पमध्ये का नाही भरत?”

माझ्या मागं रांगेत एक ढोलकीवादक उभे होते. सत्तरीपुढचे, धोतर-टोपीतले. त्यांच्या प्लॅस्टिकच्या पिशवीत फडांबरोबर काढलेल्या सगळ्या हंगामांचे कागद होते; कडेला पाणी लागून फुगलेले, घड्यांवर फाटलेले, एकावर तर शाईच उरली नव्हती. त्यांनी माझं लॅमिनेशन हातात घेतलं, बोटानं चोळून बघितलं आणि विचारलं, “बाई, हे असं कुठं करून मिळतं?” मी त्यांना कोपऱ्यावरच्या झेरॉक्सवाल्याकडे घेऊन गेले. सगळे कागद होईपर्यंत आम्ही तिथंच चहा घेतला. ते तमाशाबद्दल बोलत होते. मी राज्य नाट्य स्पर्धेचं काही बोलले नाही. ओळख झाल्यावर दहा मिनिटं उलटून गेली तरी बोलले नाही, ही नोंद घ्यावी.

अर्ज मी सर्वसाधारण प्रवर्गातून भरला. योजना अर्थातच दादरची. अनामत पन्नास हजार, वर ५९० रुपये. घर लागलं नाही तर पन्नास हजार परत येतात. ५९० येत नाहीत, आणि त्यांतले नव्वद जीएसटीचे. आशेवर अठरा टक्के कर आहे. निराशा अजून करमुक्त आहे.

कागदपत्रांचं मी लांबण लावत नाही. एवढंच सांगते, की अधिवासाचा दाखला १ जानेवारी २०१८ नंतरचा आणि बारकोडवाला लागतो. माझा जन्म लालबागचा, शाळा लालबागची, दात पडले ते लालबागला. पण त्या काळी कुणी माझ्यावर बारकोड टाकला नव्हता. नवा काढला.

पूर्वी ही सोडत वांद्र्याच्या रंगशारदात व्हायची, आणि रंगमंचावरून नाव पुकारलं जाईल म्हणून माझी फार तयारी असायची. २०२३ ची झाली नरीमन पॉइंटच्या यशवंतराव चव्हाण केंद्रात, १४ ऑगस्टला. आम्ही घरीच मोबाइलवर बघितली. नवऱ्यानं शीट उघडली होती, मी बांगडी घातली होती. आई पलंगावर बसून वाटाणे सोलत होती. नाव विजेत्यांत नव्हतं. प्रतीक्षा यादीत होतं.

प्रतीक्षा यादीत नाव येईपर्यंत मी स्वतःला बऱ्या मनाची बाई समजत होते. प्रतीक्षा यादी म्हणजे विजेता अपात्र ठरला तर तुमची संधी. विजेत्याचं नाव यादीत छापलेलं. मी त्या गृहस्थांना आयुष्यात पाहिलेलं नाही. त्यांचं फार काही वाईट व्हावं असंही मला वाटत नव्हतं. फक्त त्यांच्या बायकोच्या नावावर मुलुंडला एखादा वन रूम किचन निघावा. किंवा दाखला २०१७ चा निघावा. रात्री देवापुढं हात जोडले की मी म्हणायचे, “सगळ्यांचं भलं कर,” आणि मनात त्या सगळ्यांतून एक आडनाव वगळायचे. त्या आडनावाचा एक कंडक्टर एकदा बसमध्ये भेटला तर मी सुट्टे असून दिले नाहीत. पुढं कळलं, गृहस्थांचे सगळे कागद चोख होते. अशी चोख माणसं सोडतीत का येतात कळत नाही.

आईचा प्रश्न दर वेळी तोच असतो. “आपला नंबर लागला का?” मी चिडते, कारण तिला कुठला नंबर म्हणायचाय ते मला माहीत असतं. तिच्या डोक्यात दोन सोडती एकत्र झाल्यात. एक माझी आणि एक अण्णांची.

अण्णा लालबागच्या गिरणीत साचेवाले. १८ जानेवारी १९८२ ला संप सुरू झाला. तो रीतसर मागं घेतला असं कुणी कधी जाहीर केलंच नाही, त्यामुळे तांत्रिकदृष्ट्या अण्णा वारले ते संपावर असतानाच, असं आई म्हणते. काही गिरण्यांनी पुढं काही लोकांना परत घेतलं. गेटवर याद्या लागायच्या. अण्णा रोज बघायला जायचे आणि येताना काहीतरी घेऊन यायचे, शेंगदाणे नाहीतर लिमलेटच्या गोळ्या. नाव नव्हतं हे सांगावं लागू नये म्हणून. आम्हा पोरांना गोळ्या मिळायच्या म्हणून तो काळ मजेचा वाटायचा. चाळीतली खोली काकांच्या नावावर होती. ती कधी विकली गेली हे आम्हाला विकल्यावर कळलं.

पुढं गिरण्यांच्या जमिनी निघाल्या. १९९१ च्या नियमात तीन हिस्से ठरले होते : एक पालिकेला मोकळ्या जागेसाठी, एक म्हाडाला घरांसाठी, एक मालकाला. २००१ मध्ये दुरुस्ती झाली आणि हिस्से पाडायचे ते फक्त रिकाम्या जमिनीचे, असं ठरलं. आता गिरणीत रिकामी जागा असते किती! सगळी जमीन तर खात्यांच्या शेडखाली. लेखणीच्या एका फटक्यात लोकांची घरं अशी शेडखाली गेली आणि शेड पाडून वर टॉवर उभे राहिले. हे लिहिताना माझा विनोद जरा बसतो. त्याला बसू द्या.

कामगारांच्या घरांची पहिली सोडत २०१२ च्या जूनमध्ये निघाली. ६,९२५ घरं, २२५ चौरस फुटांची, आणि अर्ज लाखाच्या वर. कामगार गेला असेल तर वारसानं भरायचा. आईनं भरला. पुरावा म्हणून ईएसआयचं कार्ड दिलं, पगाराची एक पावती दिली, आणि तिकीट नंबर तर तिला तोंडपाठ. माझी जन्मतारीख ती कॅलेंडर बघून सांगते. नाव लागलं नाही. २०२० ला पुन्हा ३,८९४ घरांची सोडत झाली, तेव्हाही नाही. त्या संध्याकाळी ती येताना लिमलेटच्या गोळ्या घेऊन आली. मी तिला म्हटलं, “आई, मला मधुमेह आहे.” ती म्हणाली, “मग बघ नुसत्या.”

तेव्हा दादरसाठी अडून बसायचा माझा हट्ट तिला पटत नाही यात नवल नाही. परवाच म्हणाली, “तू पत्त्यात राहणार आहेस की घरात?” तिला वाटलं मी गप्प बसेन. मी म्हटलं, “आधी पत्त्यात, मग हळूहळू घरात.”

आणि इथं नवऱ्यानं त्याची शीट पुढं सरकवली. विरारच्या बोळींजला कोकण मंडळाची घरं आहेत. थोडीथोडकी नाहीत, हजारोंनी. सोडती निघाल्या तरी गिऱ्हाईक मिळेना, म्हणून ती ‘प्रथम येणाऱ्यास प्राधान्य’ अशी काढली. म्हणजे नशीब नको, प्रतीक्षा यादी नको, कुणाचं आडनाव वगळायला नको. जा, पैसे भरा, घर घ्या. मी हे ऐकून सुन्न झाले. नशिबाशिवाय मिळणारं घर! लोकांना सांगायचं काय? “लागलं” म्हणायची सोय नाही, नुसतं “घेतलं.” आणि पत्ता विरार.

आई आणि नवरा एका रविवारी मला न सांगता बघून आले. बूट काढायच्या आधीच आई सुरू झाली. लिफ्ट चालते. स्वयंपाकघराला खिडकी आहे आणि खिडकीतून भिंत नाही, झाड दिसतं. पूर्वी पाण्याची बोंब होती, आता सूर्या धरणाचं पाणी आलंय. तिनं स्वतः वॉचमनला विचारलं, वर नळ सोडून बघितला. मासळी ताजी. गाडीची गर्दी मात्र फार, तिला एका मुलीनं उठून जागा दिली. हे सगळं ती मला सांगत नव्हती. भिंतीवरच्या अण्णांच्या फोटोला सांगत होती, मी फक्त मधे बसले होते.

“किती मजले?” मी मुद्दाम तुटकपणे विचारलं.

“तुला मजले कशाला हवेत? तुला पत्ता लागतो ना,” ती म्हणाली. “लिहून आणलाय.” आणि तिनं पिशवीतून कागद काढला. नवऱ्याच्या अक्षरात इमारत, विंग, पिनकोड. मी तो मोठ्यानं वाचला. आवाज काही खाली आला नाही, पाठही तशीच राहिली. पण अडखळलेही नाही, हे मान्य करायला हवं.

आता येत्या शनिवारी मला घेऊन जायचं दोघांनी ठरवलंय. मी जाईन. नळ सोडून बघेन, नावं ठेवायला काहीतरी सापडेलच. तोवर नवऱ्याला मी सांगून ठेवलंय, की मुंबई मंडळाची पुढची जाहिरात येऊ दे, मग काय ते नक्की करू. दादरला म्हणे एक घर असणार आहे. तो म्हणाला, “अगं, एकच!”

मी म्हटलं, “आपल्याला तरी किती हवीत?”